दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉननंतर शारीरिक क्षमतेची पुनर्प्राप्ती व जतन : पुणे शहरातील हौशी स्पर्धकांच्या संदर्भात

प्रस्तावना

पोहणे, सायकल चालविणे व धावणे हे तीन प्रकार मध्ये खंड न पडू देता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या स्पर्धेस ट्रायथलॉन असे म्हणतात. तिचे ‘आयर्नमॅन’ या नावाने परिचित असलेले दीर्घ पल्ल्याचे रूप १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाले. त्या पहिल्या स्पर्धेत अवघे पंधरा जण उतरले होते व बारा जणांनी ती पूर्ण केली. ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल व ४२.२ किमी धावणे असे सुमारे २२६ किमी अंतर स्पर्धकाने साधारणतः सतरा तासांच्या आत पार करावयाचे असते.

पुणे शहरात या क्रीडाप्रकाराने चांगलेच मूळ धरले आहे. त्यास अनुकूल अशी भूमी येथे आधीपासूनच होती. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून सुरू झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. आणि ‘सायकलींचे शहर’ ही जुनी ओळख पुसट झाली तरी सिंहगडाच्या घाटात पहाटे सायकलस्वार दिसतातच. पुण्याचे जलतरणपटू कौस्तुभ राडकर यांनी २००८ साली ॲरिझोना येथे आपली पहिली आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली व पुढे प्रशिक्षक म्हणूनही कार्य केले. अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना २०१५ साली झुरिच येथील स्पर्धा पूर्ण केल्यावर नोकरदार मध्यमवयीन वर्गात या खेळाविषयी विशेष कुतूहल निर्माण झाले. २०१९ पासून गोव्यात अर्ध्या अंतराची, म्हणजे ११३ किमीची आयर्नमॅन स्पर्धा होऊ लागल्याने पुणेकरांना ती एका रात्रीच्या प्रवासावर आली. पूर्ण अंतराच्या आयर्नमॅन स्पर्धेसाठी मात्र त्यांना परदेश गाठावा लागत आला आहे.

या स्पर्धांची तयारी कशी करावी याविषयी विपुल मार्गदर्शन उपलब्ध आहे. स्पर्धेनंतरच्या दोन-तीन महिन्यांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वस्तुतः हौशी स्पर्धकाचे नुकसान बहुधा याच काळात होते. कोणी पदक मिळाल्यावर आठव्या दिवशीच धावू लागतो व पोटरीचे किंवा घोट्यामागील कंडरेचे दुखणे ओढवून घेतो. तर कोणी ‘आता पुरे’ म्हणून सहा महिने बूट बाजूला ठेवतो. दोन्ही वर्तनांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. शरीर किती दिवसांत बरे होते आणि कमावलेली क्षमता किती दिवसांत जाते, या दोन घड्याळांचे वेग लोक उलटे समजतात. बरे होणे त्यांना वाटते त्याहून बरेच संथ असते व क्षमतेचा ऱ्हास त्यांना वाटतो त्याहून पुष्कळ सौम्य असतो. प्रस्तुत लेखात या दोन घड्याळांचे विवेचन करावयाचे आहे.

स्पर्धेमुळे शरीरात काय घडते?

न्यूझीलंडमधील आयर्नमॅन स्पर्धकांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुष स्पर्धकांचा ऊर्जाव्यय सरासरी दहा हजार किलोकॅलरींच्या घरात, तर स्पर्धेदरम्यानचे सेवन चार हजारांच्या आसपास आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा शरीराने स्वतःच्या साठ्यातून काढली. यकृत व स्नायू यांमधील ग्लायकोजेन जवळजवळ संपते. चरबीचाही मोठा वाटा खर्ची पडतो. ही तूट भरून काढणे तुलनेने सोपे असते. पुरेसे अन्न मिळाल्यास निरोगी स्नायूंतील ग्लायकोजेन एक ते दोन दिवसांत पूर्ववत होते. परंतु इजा झालेला स्नायू रक्तातील शर्करा नेहमीच्या वेगाने आत घेऊ शकत नाही. त्यामुळे भरपेट जेवूनही चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढताना मांड्या रिकाम्या वाटतात, हा अनुभव केवळ मानसिक नव्हे.

स्नायूंची इजा हीच खरी मोठी बाब होय. पोहणे व सायकल यांमध्ये स्नायू प्रामुख्याने आखडत आकुंचन पावतो. धावताना प्रत्येक पावलागणिक मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतो. या लांबत जाणाऱ्या आकुंचनामुळे स्नायुतंतूंच्या सूक्ष्म रचनेत चिरा पडतात, त्यातील क्रिएटिन कायनेज व मायोग्लोबिन ही द्रव्ये रक्तात उतरतात आणि दुरुस्तीसाठी दाहप्रक्रिया सुरू होते. १८० किमी सायकल चालवून थकलेल्या पायांनी मॅरेथॉन धावणे म्हणजे ही इजा अशा अवस्थेत करून घेणे, की जेव्हा स्नायू धक्के पेलण्यास सर्वांत कमी समर्थ असतो.

हृदयही या श्रमातून अलिप्त राहत नाही. तीन ते अकरा तासांच्या सहनशक्तीच्या स्पर्धांत भाग घेतलेल्या चाळीस खेळाडूंवरील २०१२ च्या अभ्यासात स्पर्धेनंतर लगेच हृदयाच्या उजव्या जवनिकेचे कार्य मंदावलेले आढळले. ते आठवड्याभरात बहुतांशी पूर्ववत झाले. निरोगी व्यक्तीने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु पहिल्या आठवड्यात जोरकस व्यायाम टाळण्यास हे एक स्वतंत्र कारण आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे

व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथील आयर्नमॅन स्पर्धेतील ४२ पुरुषांच्या रक्ताची स्पर्धेपूर्वी, स्पर्धा संपताच, दुसऱ्या दिवशी, पाच दिवसांनी व एकोणीस दिवसांनी तपासणी केली. पाचव्या दिवशी स्नायूंच्या इजेचे व दाहाचे दर्शक लक्षणीयरीत्या चढेच होते. एकोणिसाव्या दिवशी बहुतेक दर्शक मूळपदाजवळ आले होते. तथापि मायोग्लोबिनसारखी काही द्रव्ये तेव्हाही किंचित वाढलेली होती. मॅरेथॉन धावपटूंच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून केलेल्या १९८५ च्या अभ्यासात तर तंतूंच्या पुनर्निर्मितीच्या खुणा त्यानंतरही कित्येक आठवडे दिसून आल्या.

याउलट, स्पर्धकास जाणवणारे ठणकणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व सहसा आठवड्याभरात ओसरते. धोका नेमका येथेच आहे. वेदना संपणे ही दुरुस्ती पूर्ण झाल्याची पावती नाही. सातव्या दिवसापासून साधारणपणे चौथ्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की ज्यात शरीर तक्रार करीत नाही पण तयारही नसते. स्पर्धेच्या तयारीत मिळविलेली हृदय व फुप्फुसांची क्षमता या काळात जवळजवळ शाबूत असल्यामुळे धावणे सोपे वाटते, वेग वाढविण्याचा मोह होतो आणि अर्धवट सांधलेल्या ऊतींवर पूर्ण भार पडतो. इंजिन शाबूत, पण चाकांचे नट ढिले अशी ही गाडी असते.

येथे पुणेकरांच्या एका लाडक्या सवयीचा विचार आवश्यक आहे. स्पर्धेहून परतल्यावर ‘हलका व्यायाम’ म्हणून रविवारी सिंहगड चढून येण्याचा बेत अनेक जण आखतात. आतकरवाडीच्या वाटेने चढताना दम लागतो, म्हणून चढ हा कष्टाचा व उतार हा विश्रांतीचा भाग असे मानले जाते. स्नायूंच्या दृष्टीने नेमके उलट आहे. चढताना स्नायू आखडत काम करतो व त्यास फारशी इजा होत नाही. उतरताना प्रत्येक पायरीस तोच लांबत जाणारा भार मांडीवर येतो, ज्याने स्पर्धेत इजा केली होती. वेताळ टेकडी किंवा तळजाईवर सपाटीने फिरणे आणि सिंहगड उतरणे यांत दोन आठवड्यांच्या स्नायूला मोठा फरक पडतो. गड चढून गाडीने उतरणे हा पर्याय कित्येकांना कमीपणाचा वाटेल, परंतु शास्त्रदृष्ट्या तोच समंजस आहे.

पहिले चार आठवडे

स्पर्धा संपल्यावरचे पहिले काही तास वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे असतात. लघवीचा रंग कोलासारखा गडद होणे, डोकेदुखीसह गोंधळल्यासारखे वाटणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे यांपैकी काहीही आढळल्यास ते थकव्याचे लक्षण समजून झोपून जाऊ नये, तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. पहिले लक्षण स्नायूंच्या मोठ्या विघटनाचे व पर्यायाने मूत्रपिंडावरील ताणाचे असू शकते. दुसरे रक्तातील सोडियम घटल्याचे असू शकते व ते बहुधा पाणी कमी पडल्याने नव्हे, तर गरजेहून अधिक प्यायल्याने उद्भवते. औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी हे दोन्ही धोके वाढू शकतात. स्पर्धेच्या दिवशी व लगतच्या काळात ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

परदेशातून परतणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा असतो. दुखावलेले पाय, शरीरातील पाण्याची कमतरता आणि आठ-दहा तास विमानात बसून राहणे या तिहींच्या संयोगाने पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दोन्ही पाय सारखेच सुजणे हे स्पर्धेनंतर नेहमीचे आहे. एकच पोटरी सुजून दुखू लागल्यास मात्र ती ‘स्नायू धरला’ म्हणून चोळत बसू नये.

पहिले तीन-चार दिवस झोप, अन्न व सावकाश चालणे यापलीकडे काही करू नये. त्यानंतर पाण्यात उतरणे उत्तम, कारण पाणी भार पेलते आणि हातापायांची लयबद्ध हालचाल रक्ताभिसरण वाढविते. त्वचेवरील खरचटलेल्या जखमा भरल्या असल्यास टिळक तलावासारख्या ठिकाणी अर्धा तास संथ पोहणे पुरेसे होय. घड्याळ घरी ठेवलेले बरे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सपाट रस्त्यावर हलकी सायकल सुरू करता येते. धावणे सर्वांत शेवटी यावे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, चालणे व धावणे आलटून पालटून, वीस-पंचवीस मिनिटे असा प्रारंभ बहुतेकांस मानवतो. जोरकस सराव चौथ्या आठवड्यानंतरच विचारात घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी यात आणखी एखाद्या आठवड्याची भर घालण्यास संकोच करू नये.

हे दिवस मोजण्यापेक्षा काही साध्या कसोट्या अधिक उपयोगी ठरतात. सकाळी उठताच मोजलेली नाडी स्पर्धेपूर्वीच्या सवयीच्या आकड्यावर आली आहे काय? कठड्याला न धरता दोन मजले उतरता येतात काय? एका पायावर दहा वेळा उडी मारताना दोन्ही बाजूंत फरक जाणवतो काय? नेहमीच्या संथ वेगाला नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी अधिक पडत असेल, तर त्या दिवशी घरी परतण्यात शहाणपण आहे.

मालिशीविषयी येथे दोन शब्द आवश्यक आहेत. पुण्याच्या तालमींत मेहनतीनंतर अंग रगडून घेण्याची परंपरा जुनी आहे. पुनर्प्राप्तीच्या विविध उपायांची तुलना करणाऱ्या २०१८ च्या एका व्यापक आढाव्यात ठणक व थकव्याची जाणीव कमी करण्यात मालीश सर्वांत प्रभावी ठरली. मात्र वेदना कमी झाल्याने ऊती लवकर सांधतात असा पुरावा नाही. वस्तादांच्या हाताला यश आहे, पण त्या यशाची मर्यादाही ओळखली पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत तर खोल दाबाची मालीश टाळावी.

आहार व रक्ततपासणी

क्रीडाआहाराच्या पुस्तकांत व्यायामानंतरच्या पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असा नियम आढळतो. पासष्ट किलोच्या व्यक्तीस तासाला दोन केळी व एक पेला उसाचा रस, असे हे प्रमाण पडते. परंतु हा नियम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणाऱ्यांसाठी आहे. आयर्नमॅन पूर्ण केलेल्यास अशी घाई नसते. पोट बिघडलेले असताना आकडा गाठण्यासाठी बळेच खाण्यापेक्षा मऊ भात, मुगाची खिचडी, ताक व चिमूटभर अधिक मीठ यांवर पहिला दिवस काढला तरी चालते. पुढील तीन-चार दिवस भूक भागेपर्यंत जेवणे महत्त्वाचे.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र दक्षता हवी. दुरुस्तीच्या काळात प्रतिकिलो १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे पासष्ट किलोच्या व्यक्तीस दिवसाला सुमारे ८० ते १०५ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढीच व एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पोळी, भाजी, वरण, भात अशा शाकाहारी ताटातून ही गरज आपोआप भागत नाही. उसळ, पनीर, दही, शेंगदाण्याची चटणी व सोयाबीन यांची जाणीवपूर्वक भर घालावी लागते. स्पर्धा संपली म्हणून लगेच वजन उतरविण्याचा संकल्प सोडण्याची हीच वेळ होय. दुरुस्ती चालू असताना उपासमार करणे हे गवंडी कामावर असताना विटा बंद करण्यासारखे आहे.

परतल्यावर ‘सर्व तपासण्या’ करून घेण्याचीही प्रथा पडली आहे. यात एक अडचण संभवते. यकृताच्या तपासणीतील एएसटी व एएलटी ही विकरे स्नायूंतही असतात. स्पर्धेनंतर ती वाढलेली दिसली म्हणजे यकृत बिघडले असे नव्हे. लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन दाहाच्या अवस्थेत वाढते, त्यामुळे प्रत्यक्षात लोह कमी असतानाही अहवाल निर्धोक येऊ शकतो. दीर्घ धावण्यात तांबड्या पेशी फुटतात, आतड्यातून थोडा रक्तस्राव होऊ शकतो, आणि हेप्सिडिन या संप्रेरकामुळे लोहाचे शोषणही मंदावते. शाकाहारी व्यक्ती, विशेषतः स्त्रिया यांच्या बाबतीत लोहन्यूनता ही खरी शक्यता असते. म्हणून लक्षणे नसल्यास या तपासण्या तीन आठवड्यांनंतर कराव्यात व त्याआधी दोन-तीन दिवस जोरकस व्यायाम टाळावा. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवयही लोहाच्या शोषणास बाधक ठरते. जेवणात लिंबू पिळणे मात्र त्यास साहाय्यक असते.

स्पर्धेनंतर सर्दी-पडसे होते या समजाचा आधार म्हणून लॉस एंजेलिस मॅरेथॉनच्या धावपटूंवरील १९९० चा अभ्यास सांगितला जातो. त्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के, तर न धावलेल्यांपैकी २.२ टक्के व्यक्तींना पुढील आठवड्यात संसर्ग झाल्याचे नोंदविले गेले. २०१८ साली या उपपत्तीवर गंभीर आक्षेप घेतले गेले असून प्रवास, गर्दी, अपुरी झोप व मानसिक ताण ही कारणे अधिक संभाव्य मानली जातात. उपाय मात्र दोन्ही पक्षांचा एकच निघतो : झोप.

कमावलेली क्षमता किती टिकते?

आता दुसरे घड्याळ. सुमारे दहा वर्षे नियमित सराव केलेल्या सात खेळाडूंना ८४ दिवस सराव पूर्णपणे बंद करावयास लावून केलेला १९८४ चा अभ्यास या विषयात आधारभूत मानला जातो. पहिल्या तीन आठवड्यांत कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता सात टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती मूळ पातळीहून सोळा टक्क्यांनी कमी अशा स्थितीत स्थिरावली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तद्रवाचे प्रमाण व हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक फेकले जाणारे रक्त कमी झाल्याने होते. हा भाग सराव सुरू होताच लवकर परततो. स्नायूंतील तंतुकणिकांची विकरे निम्म्याच्या दिशेने घटली, तरी कधीच सराव न केलेल्या व्यक्तींपेक्षा ती सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिकच राहिली. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे तर जवळजवळ तसेच टिकले.

म्हणजे तीन आठवडे काहीही न करण्याची किंमत सात टक्के आहे, आणि संथ पोहणे-सायकल चालू ठेवल्यास तीही कमी भरते. स्पर्धेनंतर दहाव्या दिवशी धावून दुखापत ओढवून घेण्याची किंमत याहून कितीतरी मोठी ठरते, कारण मग सक्तीचा विराम आठवड्यांचा नव्हे तर महिन्यांचा होतो.

पुढील प्रश्न जतनाचा. आठवड्यास बारा-पंधरा तास सराव नोकरी व संसार सांभाळून वर्षभर करणे कोणासही शक्य नाही, आणि करूही नये. मग किती सराव पुरेसा? १९८० च्या दशकात हिक्सन व सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे सुरेख उत्तर शोधले. दहा आठवडे, आठवड्यातील सहा दिवस, चाळीस मिनिटे जोरकस सराव करून घेतल्यावर पुढील पंधरा आठवडे त्यांनी एकेक घटक कमी केला. दिवस सहावरून चार किंवा दोनवर आणले, तरी कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता टिकली. दुसऱ्या गटात वेळ चाळीस मिनिटांवरून सव्वीस किंवा तेरा मिनिटांवर आणला, तरीही ती टिकली. मात्र तेरा मिनिटांच्या गटात दीर्घकाळ टिकून राहण्याची शक्ती कमी झाली. तिसऱ्या गटात दिवस व वेळ तसेच ठेवून केवळ तीव्रता एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांशाने घटविली, तेव्हा क्षमता राखता आली नाही. अभ्यासातील व्यक्ती थोड्या होत्या व त्या आयर्नमॅन स्पर्धक नव्हत्या हे लक्षात ठेवूनही, निष्कर्षाची दिशा पुढील संशोधनाने बदललेली नाही. जतनाच्या काळात तास व दिवस कमी करावेत. तीव्रता सोडू नये.

हौशी स्पर्धक बहुधा याच्या नेमके उलट करतो. तो तास राखतो व तीव्रता सोडतो : रोज तासभर एकाच संथ चालीने धावतो, थकतो, आणि तरीही क्षमता उतरत असल्याचे पाहून हताश होतो. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यास चार सत्रे पुष्कळ होत. एक पोहण्याचे, एक सायकलीचे, ज्यात चार-पाच मिनिटांचे चार जोरकस टप्पे असावेत, एक धावण्याचे, ज्यात असेच लहान टप्पे टेकडीच्या चढावर घ्यावेत, म्हणजे वेग कमी राहून धक्काही कमी बसतो, आणि एक दोन-अडीच तासांचे लांब सत्र, जे बहुधा सायकलीवरच असावे. याखेरीज दोन वेळा बैठका, पायऱ्या चढणे व पोटरीचे व्यायाम यांसारखा बलवर्धक सराव हवा. चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान घटू लागते, आणि केवळ सहनशक्तीच्या सरावाने ती घट थांबत नाही. दंड-बैठकांची परंपरा असलेल्या शहराला हे नव्याने सांगावे लागू नये.

पुण्याच्या ऋतुमानाशीही याचा मेळ घालावा लागतो. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली आहे. तिच्यानंतर येणारा पुण्यातील हिवाळा पुनर्प्राप्तीस आदर्श असतो. किंबहुना अतिअनुकूल असतो, कारण थंड पहाटे शरीर लवकर फसवते व डिसेंबरातील धावण्याच्या स्पर्धांची निमंत्रणेही येऊ लागतात. युरोपातील उन्हाळी स्पर्धा संपवून जुलै-ऑगस्टमध्ये परतणाऱ्यास भर पावसाळा भेटतो. ओले रस्ते व खड्डे यांमुळे सायकल घरातील स्थिर यंत्रावर चालवणे इष्ट. अशा वेळी पाऊण तासाचे जोरकस सत्र हे तीन तासांच्या संथ रपेटीची जागा पुष्कळ अंशी घेऊ शकते, हे हिक्सन यांच्या प्रयोगावरून समजते.

मनाची अवस्था

कार्य पार पडल्यावर मांडव उतरविलेल्या घरात जी ओकी शांतता जाणवते, तशी अवस्था अनेक स्पर्धकांची होते. वर्षभर ज्या एका तारखेभोवती दिनक्रम बांधलेला असतो ती तारीख मागे पडते, आणि पहाटे साडेचारला जाग येऊनही जाण्यासारखे ठिकाण उरत नाही. ही उदासी बहुधा काही आठवड्यांत मावळते. परंतु झोप न लागणे, चिडचिड, भूक मंदावणे व नाडी सतत चढी राहणे ही लक्षणे एकत्र दिसली तर ती केवळ मनाची नसून अपुऱ्या पुनर्प्राप्तीचीही असू शकतात. या पोकळीत लगेच पुढच्या स्पर्धेची नोंदणी करणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत घाईचा उपाय आहे. नोंदणीचा निर्णय सहा आठवडे पुढे ढकलण्यास पैसे पडत नाहीत.

अध्यापकवर्गातील स्पर्धकांना यात एक विशेष अडचण असते. दिवसाकाठी तीन-चार तास उभे राहून शिकविणे हा त्यांच्या पायांवरील अदृश्य भार होय, आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तासिका घेणे हे पोटरीच्या सुजेस पोषक ठरते. रजेचा अर्ज स्पर्धेच्या दिवसांपुरता न करता परतल्यानंतरच्या दोन दिवसांसह करावा. ते शक्य नसल्यास पहिला आठवडा बसून शिकवावे, दोन तासिकांमध्ये पाय वर करून दहा मिनिटे बसावे व जिना उतरताना उद्‌वाहक वापरावा. चढताना वापरला नाही तरी चालेल.